बारा किलो

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यावं, ही आमच्या घरची रीत. पण मामांनी ऐंशी ओलांडली, गुडघ्यांनी प्रवास बंद केला, आणि तेव्हापासून आईच ताट घेऊन इगतपुरीला जाते. मी तिला गाडीने नेते. यंदा, २०२५ च्या २३ ऑक्टोबरला, ओवाळणं झालं, फराळ झाला, आई आणि मामी आत गप्पांना बसल्या आणि आम्ही दोघं गच्चीत आलो. पाऊस नुकता सरलेला, डोंगर अजून हिरवे. खाली घाट चढून आलेल्या मालगाडीचे बँकर सुटत होते. शेवटचं इंजिन वेगळं होईपर्यंत मामा कठड्याला धरून उभे राहिले. त्यांच्या नोकरीची उमेदीची वर्षं कसारा घाटात, गाडीला मागून रेटणाऱ्या या बँकरवर गेली. मी विमानांच्या देखभालीतली इंजिनिअर. आमचे वाद कायम यंत्रांवरून होतात आणि ते मला फार प्रिय आहेत.

“मामा, काल पाडव्याला अमेरिकेत एक नियम लागू झाला. जुन्या लहान विमानांसाठी मोठी गोष्ट आहे.”

“मागच्या आठवड्यात आपल्या ओझरहून नाशकात बनलेलं पहिलं तेजस उडालं. मला वाटलं, त्याचं काही सांगशील.”

“तेजसचं सगळेच सांगतायत. या विमानांचं कोणी सांगत नाही.”

मामा खुर्चीत बसले. “सांग मग.”

मी सांगितलं. अमेरिकेत २००४ साली ‘स्पोर्ट पायलट’ नावाचा एक सोपा परवाना निघाला. वीस तासांचं शिक्षण पुरे. डॉक्टरी तपासणीचा दाखला लागत नाही, मोटार चालवण्याचा परवाना चालतो. फक्त वैमानिक म्हणून तपासणीसाठी अर्ज केला असेल, तर शेवटच्या अर्जात नापास झालेलं नसावं. या सवलतीच्या बदल्यात विमान अगदी लहान हवं. वजन भरलेल्या टाकीसकट १३२० पौंड, म्हणजे ६०० किलोंच्या आत. दोनच जागा. चाकं पोटात न घेता येणारी. आणि स्टॉलचा वेग ४५ नॉटच्या, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या वर नको.

“स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं?”

“नाही. इंजिन सुरूच असतं. विमान इतकं सावकाश आणि इतकं नाक वर करून चाललेलं असतं की पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते. मग पंख भार उचलत नाही. ज्या वेगाला हे होतं त्याच्या खाली ते विमान उडू शकत नाही. म्हणून उतरतानाचा वेगही त्याच्याच थोडा वर असतो.”

“बरं. आणि काल काय बदललं?”

“वजनाची अटच काढून टाकली. आता पंखामागच्या झडपा म्हणजे फ्लॅप बाहेर न काढता स्टॉलचा वेग ५९ नॉटपर्यंत असला की झालं. विमानाला चार जागा असल्या तरी चालतील, मात्र सोबत माणूस एकच न्यायचा. २२ जुलैला विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमानमेळ्यात त्यांनी हे जाहीर केलं, आणि वैमानिकांसाठीचा भाग कालपासून सुरू झाला.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. हिशेब चालला की ते उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरवतात.

“त्र्याऐंशीवरून किती झाले?”

“एकशे नऊ.”

“अगं, वेग दुप्पट झाला तर गाडी थांबायला चौपट जागा लागते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवायचे. तुझ्या हिशेबाने धडक किती वाढली?”

“प्रत्येक किलोमागे १.७२ पट.”

“आणि किलोंना हदच नाही. म्हणजे दोन्हीकडून सैल सोडलं. वर डॉक्टर नाही. याला तू मोठी गोष्ट म्हणतेस?”

हा मुद्दा खरा आहे, आणि तो मी टाळला नाही. वजन मोजलं तरी वेग मोजावाच लागतो, आणि वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही. पण याच गणिताने मला जुना नियम चुकीचा वाटत आला आहे. वजनाची रेघ ज्यांना बाहेर ठेवत होती ती विमानं बहुतेक धोकादायक नव्हती. जगभरातली पोरं ज्या सेसना १५० आणि १५२ वर पहिल्यांदा एकटी उडाली, ती विमानं १६०० पौंडांच्या घरातली. म्हणून ती बाहेर. १९४० च्या दशकातलं पायपर कब आत, एअरोंका चँप आत, पण सेसना बाहेर. एरकूपची गोष्ट तर मला कायम खुपायची. तेही चाळीसच्या दशकातलं विमान, पायाने शेपटीचा रडर चालवावा लागू नये आणि ते गिरक्या घेत खाली येऊ नये, अशा बेताने रचलेलं. त्याचं एक रूप १२६० पौंडांचं, दुसरं १४०० चं. पहिलं आत, दुसरं बाहेर. आणि कुणी मालकाने कधीकाळी कागदपत्रं करून पहिल्याचं दुसरं करून घेतलं असेल, तर ते परत मागे आणता येत नव्हतं. मूळ प्रमाणपत्रापासून आजपर्यंत ते विमान सतत त्या हद्दीत राहिलेलं असलं पाहिजे, असा नियमाचा शब्द होता.

“हे बरोबर आहे,” मामा म्हणाले.

“बरोबर? तेच विमान, तेच पंख!”

“वॅगनवर तिचं रिकामं वजन आणि भाराची हद रंगवलेली असते. उद्या कोणी म्हणालं, आज आम्ही कमी भरतोय, तर खोडून नवीन आकडा लिहा, तर लिहायचा? आज कमी भरशील. उद्या दुसरा येईल, तो रंगवलेलं वाचेल. हद यंत्राची असते, त्या दिवशीच्या माणसाची नसते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वळण घेतलं आणि ज्याच्यासाठी हा विषय काढला होता त्यावर आले.

“मामा, तुम्ही पुष्पक पाहिलंय?”

“रामाचं?”

“घाटग्यांचं.”

विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला, हवेच्या प्रवाहाचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्या प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. भारतात आखलेलं आणि बांधलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं, ते घाटग्यांचं. त्यानंतर त्यांनी फ्लाइंग क्लबांसाठी एक स्वस्त, साधं विमान केलं. वर पंख, खाली शेजारी-शेजारी दोन जागा, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, अंगावर कापड, पुढे ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, शेपटीखाली लहानसं चाक. २८ सप्टेंबर १९५८ ला ते पहिल्यांदा उडालं. दीडशेच्या आसपास पुष्पक बनली आणि देशभरच्या क्लबांत गेली. आज पासष्टी-सत्तरीत असलेल्या कितीतरी वैमानिकांनी जमीन पहिल्यांदा सोडली ती पुष्पकमध्ये बसून. मी एक पुष्पक एका क्लबच्या हँगरच्या कोपऱ्यात पाहिलं. चाकांत हवा नव्हती, पंखावर कबुतरांची घाण, आणि दारातून उडी मारून आत बसावंसं वाटेल असं ते विमान. त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

“याचं वजन किती?” मामांनी विचारलं. ते असाच प्रश्न विचारणार, हे मला माहीत होतं.

“१३५० पौंड. ६१२ किलो.”

“आणि हद सहाशेची.”

“हो. ज्या एअरोंका चीफवरून ते बेतलं ते १२५० पौंडांचं, म्हणून ते अमेरिकेत वीस वर्षं आत होतं. पुष्पक तीस पौंडांनी बाहेर. आणि मामा, हा काही फक्त अमेरिकेचा आकडा नाही. आपल्याकडेही तोच आहे. ४५० किलोंपर्यंत मायक्रोलाइट. त्यापुढे ६०० किलोंपर्यंत लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट, स्टॉल ४५ नॉटच्या आत, दोन जागा, चाकं न मिटणारी. घाटग्यांचं पुष्पक यातल्या बाकी प्रत्येक अटीत बसतं. अडतं फक्त बारा किलोंवर.”

“बारा किलो म्हणजे पेट्रोल किती?”

“सोळा-सतरा लिटर.”

“टाकी तेवढी कमी भर.”

“वॅगन, मामा.”

ते हसले. खूप मोकळं. मग परत गंभीर झाले. “बरं, चुकलो. पण मग तूही तेच म्हण. हद म्हणजे हद.”

“हद असू दे. मी विचारते, ती कशाची असावी? पुष्पकचा स्टॉल ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान. सत्तर धरा. सहाशे किलोंचं, त्र्याऐंशीच्या वेगाचं नवंकोरं विमान नियमाने चालतं. त्याच्या धडकेशी पुष्पकची धडक ताडून बघा. पुष्पक बारा किलोंनी जड, तरी तीन-चतुर्थांशही भरत नाही. ज्याची धडक कमी, त्याला कठीण परवाना. जास्त, त्याला सोपा. हा काट्याचा दोष आहे. आपण ते मोजतोय जे मोजायला सोपं आहे.”

कठीण परवाना म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागलं. पुष्पक उडवायचं तर खासगी वैमानिकाचा पूर्ण परवाना हवा, किमान चाळीस तास. तासाचा खर्च पाहता एवढ्या तासांत हौशी माणूस गळून पडतो. उरतात ते विमान कंपनीत नोकरीसाठी निघालेले, त्यांना दोनशे तास करायचेच असतात आणि त्यांना पुष्पकशी काही देणंघेणं नाही. त्यांना काचेचे पडदे असलेलं नवं विमान हवं, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून पुष्पक हँगरच्या कोपऱ्यात जातं. तिकडे अमेरिकेत एखाद्या निवृत्त मास्तराने शनिवारी कब उडवायचं म्हटलं तर त्याला वाट आहे. माझं दुखणं एवढंच आहे.

मामांनी पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला. “तुझा ५९ कोणी ठरवला?”

“म्हणजे?”

“आमच्या घाटाचा चढ सदतीसला एक. १८६५ साली गाडी पहिल्यांदा इथे चढली, तेव्हापासून सदतीसला एक. तो आकडा डोंगराने ठरवला, कुणी बोलणी करून नाही. तुझा ५९ डोंगराने ठरवला की माणसांनी?”

खरं सांगायचं तर माणसांनी. २०२३ च्या मसुद्यात तो ५४ होता. लोकांनी हरकती घेतल्या, आमचं अमुक विमान सुटतंय, तमुक सुटतंय, आणि अंतिम नियमात ५९ झाला. हे मी सांगितलं.

“म्हणजे जिथे जास्त विमानं मावतील तिथे रेघ ओढली.”

“रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण मामा, ४५ आणि १३२० सुद्धा डोंगराने दिले नव्हते. निदान आताची रेघ बरोबर वस्तूवर ओढलीय.”

“बरोबर वस्तूवर, पण मोजणार कोण?”

इथे ते नेमक्या दुखऱ्या जागी आले. नव्या नियमातला वेग म्हणजे काट्यावर दिसतो तो नाही, दुरुस्त केलेला वेग आहे. विमान नाक वर करून सावकाश चालतं तेव्हा वेग मोजणाऱ्या नळीत हवा तिरकी शिरते आणि काटा खोटं बोलतो, बहुधा कमी दाखवतो. नव्या विमानाच्या पुस्तकात दुरुस्तीचा तक्ता असतो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या विमानाला पुष्कळदा पुस्तकच नसतं. एखादा कागद, त्यावर मैलांत एक आकडा, आणि तो फ्लॅप काढून घेतलाय की न काढता, याचा पत्ता नाही. विमान हद्दीत बसतं की नाही, याची खात्री मात्र उडवणाऱ्यानेच करून घ्यायची. पुष्पक किंवा कबसारख्या सावकाश विमानांना याने काही फरक पडत नाही, ती ५९ च्या इतकी खाली आहेत की काटा कितीही खोटं बोलला तरी चालेल. प्रश्न येतो तो रेघेला चिकटलेल्या, वेगवान जुन्या विमानांचा. त्यांच्या मालकाला आपलं विमान आत बसावं असं वाटणारच.

“ड्रायव्हरच्याच हातात तराजू दिला,” मामा म्हणाले.

“त्या टोकाला, हो.”

“आणि यंत्राचं काय? साठ-सत्तर वर्षांचं यंत्र. गेल्या महिन्यात वायुदलातून मिग-२१ उतरवली ना सगळी?”

“काल लागू झालेला भाग विमानाबद्दल नाही, वैमानिकाबद्दल आहे. वीस तासांचा माणूस आत बसला म्हणून विमानाची तपासणी सुटत नाही. दर वर्षी ती व्हायलाच हवी, आणि ती परवानाधारक माणूस करतो. माझ्यासारखा.”

“तू काय बघतेस?”

या प्रश्नाने मला आनंद झाला. मी सांगत सुटले. कापड दाबून बघायचं, त्यात जीव उरलाय का. पंखाच्या मुळाशी खिळे, पट्ट्या. आणि सर्वांत आधी शेपटीकडच्या खालच्या नळ्या. विमान शेपटीच्या चाकावर तिरकं उभं राहतं, म्हणून आत शिरलेलं पाणी तिथे जाऊन बसतं. बाहेरून रंग छान, आतून नळी गंजून कागद झालेली. टोचणीने टोचून बघितल्याशिवाय कळत नाही. ओलसर हवेत ठेवलेल्या विमानाला हाच रोग. इगतपुरीच्या पावसात असं विमान दोन पावसाळे उघड्यावर ठेवलं तर मी त्यात बसणार नाही.

“वरून कळत नाही,” मामा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि खाली रुळांकडे बघत राहिले. आणखी एक गाडी येत होती, अजून वळणाआड होती, फक्त आवाज.

मी जेआरडी टाटांची गोष्ट काढली, कारण मला वाद जिंकायचा होता. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पस मॉथमधून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. विमान लेपर्ड मॉथ, तीसच्या दशकातलं, लाकूड-कापडाचं. एकटे होते. वय अठ्ठ्याहत्तर. “जुनं विमान आणि म्हातारा माणूस, दोघंही जुहूला नीट उतरले. वजन हजार किलोंचं, मामा. सहाशेच्या रेघेने त्या विमानाला हात लावू दिला नसता.”

“त्यांचं पाहून सगळ्यांसाठी कायदा करायचा नाही,” मामा म्हणाले. मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आईला माहीत असावी.

इंजिनावरच्या माणसाची तपासणी पंचेचाळीसपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. मामा त्रेपन्न वर्षांचे असताना तपासणीला गेले. त्याच्या आदल्या रात्री त्यांनी घाटात ड्युटी केली होती, सगळे सिग्नल पाहिले होते, एकही चुकला नव्हता. डॉक्टरांनी डोळ्यांत अनफिट केलं. मामा भांडले. मला सगळं दिसतंय, म्हणाले. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि समोरची पाटी वाचायला सांगितली. मामांना पाटी दिसली, पाटीवर अक्षरं आहेत हे दिसलं, वाचता एकही आलं नाही.

“डावा डोळा किती दिवस फक्त नावाला होता, मला माहीत नाही. उजवा दोघांचं काम करत होता आणि त्याने मला सांगितलं नाही. मी खोटं बोलत नव्हतो, पोरी. मला खरंच वाटत होतं, मला दिसतंय. इंजिनावरून उतरवलं, शेडमध्ये दिलं. सहा महिने मी त्या डॉक्टरचं नाव घेतलं नाही. मग एका रात्री मनात आलं, उजवाही गेला असता तर मला कधी कळलं असतं? घाटात?”

गाडी वळणाबाहेर आली. पुढे इंजिनं, मग डबे, डबे, आणि अगदी शेवटी मागून रेटणारी इंजिनं. आम्ही ती सगळी जाऊ दिली.

मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. सहाशे किलोंची अट आपल्याकडे जावी आणि तिच्या जागी स्टॉलचा वेग यावा, ४५ नॉटच राहिला तरी माझी तक्रार नाही. पुष्पक तेवढ्याने आत येतं, आणि त्याच्या मागोमाग हँगरांच्या कोपऱ्यांतली आणखी काही. पण मोटारच्या परवान्याचा भाग मी आता मागणार नाही. माणसाला आपल्या आतला गंज कळतो, यावर तो भाग उभा आहे. मी रोज टोचणी घेऊन नळ्या तपासते, आणि तरीही माणसाच्या बाबतीत हे मला सुचलं नव्हतं. अमेरिकेतले लोक म्हणतील की वीस वर्षं चाललंय, काही बिघडलं नाही. म्हणोत. तिथल्या त्या अटीत विमान लहान होतं. आता ते मोठं झालंय आणि अट तीच राहिलीय, आणि मला वाटतं मामांचा पहिला प्रश्न, दोन्हीकडून सैल का सोडलं, तो तिथेच लागू पडतो.

मी त्यांना म्हणाले, हे मी लिहून पाठवणार आहे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला. नवा विमान कायदा यंदाच्या जानेवारीपासून लागू झालाय, त्याखालचे नियम पुन्हा बघायची हीच वेळ आहे.

“कागदावरचे ६१२ लिहून पाठवणार?”

“हो. तेच प्रमाणपत्रावरचं वजन.”

“ते भरलेलं. रिकामं किती आहे, तुला माहीत आहे?”

कागदावर ३९५ आहे. पण सहा दशकांत त्या विमानावर किती थर रंग चढला असेल, किती ठिगळं, किती नवे नट. जुनी विमानं जाड होतात. रिकामं वजन वाढलं की आतली दोन माणसं आणि पेट्रोल मिळून उरलेला वाटा कमी होतो, आणि ते कुणीही कागद वाचून सांगू शकत नाही. मामांनी विमान कधी जवळून पाहिलेलं नाही, तरी त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं.

“आधी ते तोल,” ते म्हणाले. “तुझं कोपऱ्यातलं. कसं तोलतात?”

“तीन काटे. दोन पुढच्या चाकांखाली, एक शेपटीखाली. शेपटी उचलून विमान सरळ धरावं लागतं, नाहीतर पुढच्या-मागच्या वजनाची वाटणी चुकते. दोन माणसं लागतात.”

“मी येतो.”

“गुडघे?”

“गाडीने नेशील ना? शेपटी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला सांग. काटे तू वाच.” ते कठड्याला धरून उठले. “मी लिहून घेतो.”